मधला तुकडा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, असं तुझे भावोजी म्हणतात. मी म्हटलं, माझा भाऊ हट्टी आहे खरा, पण हट्टापेक्षा चौकसपणा जास्त. फोडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. शिवाय आमच्याकडे माझा फोन वाजला की आपले अण्णा टीव्हीचा आवाज कमी करून कान देऊन बसतात. पत्राचं बरं असतं, लिहिताना कोणाला ऐकू जात नाही. दुपारी दवाखान्यातली गर्दी ओसरली की मी ड्रेसिंगच्या खोलीत बसून लिहिते. डॉक्टरांना वाटतं, सिस्टरबाई औषधांची मागणी लिहितायत. वाटू दे.

कारण अगदी साधं आहे. मागची खोली रंगवायला काढली आहे आणि तुझी पत्र्याची पेटी अजून तिथंच आहे. आत तुझ्या चित्रकलेच्या वह्या, मोडकी टी-पट्टी, गंजलेला कंपास आणि कसलातरी वाळलेला डिंक. ठेवू की टाकू? एवढंच विचारायचं होतं.

बाकी सगळे मजेत. भावोजींचं पंक्चरचं दुकान रस्त्यालगत होतं तिथंच आहे. पोट थोडं सुटलंय, दुकानाचं नव्हे, त्यांचं. अण्णांची तब्येत ठणठणीत. उजवा गुडघा कुरकुरतो, पण रोज सकाळी न चुकता फिरायला जातात.

तुझ्या रस्त्याचं म्हणशील, तर उत्तरेकडचा तुकडा मागेच सुरू झाला आणि दक्षिणेकडचाही आता दिवाळखोर कंत्राटदार बदलून एकदाचा पुरा झाला. दोन्हीकडे कसं अगदी गुळगुळीत, तीन-तीन पदरी, कडेला लोखंडी कठडे, मध्ये शिरायला कुत्र्यालाही जागा नाही. आपला तेवढा मधला तुकडा जुना आहे. दुभाजकातला कट आहे तिथंच आहे. अलीकडे घरं, पलीकडे शाळा, बाजार आणि माझा दवाखाना. लोक कटातून येतात-जातात. चाललंय.

पेटीचं कळव.

तुझी ताई


२ मार्च

धाकट्या,

चार ओळींचं का होईना, उत्तर आलं. पेटी ठेवते. माळ्यावर टाकली आहे. तुझ्या चार ओळींतल्या तीन पेटीबद्दल आणि चौथीत तू विचारतोस, "कटावर अपघात होतात का?" हेच मला ठाऊक होतं. पेटी तर निमित्त. तुझंही आणि माझंही.

होतात. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण पहिल्याच पत्रात रडगाणं नको वाटलं. उत्तरेकडून गाड्या त्या नव्या तुकड्यावरून अशा सुसाट येतात, की तुकडा संपला हे त्यांना पाचपन्नास पावलं उलटून गेल्यावर कळतं. तोवर समोर दप्तरं घेतलेली पोरं असतात, नाहीतर हातगाडी. ब्रेकचा आवाज दवाखान्यात ऐकू येतो. पूर्वी आवाज झाला की मी उठून दारात जायची. आता नुसती हातातलं काम थांबवून पुढचा आवाज येतो का ते ऐकते.

आणि आणखी एक खोटं लिहिलं होतं. अण्णा फिरायला जात नाहीत. ते कटावर उभे राहतात.

हसू नकोस. रेल्वेतून निवृत्त होताना जपून आणलेली ती दोन निशाणं आठवतात? लाल आणि हिरवं. पितळी शिट्टीही. सकाळी शाळेच्या वेळेला ते सगळं घेऊन जातात. लाल निशाण आडवं धरून गाड्या थांबवतात, पोरं पलीकडे जातात, मग हिरवं दाखवून गाड्या सोडतात. इस्त्रीचा शर्ट घालतात त्यासाठी. सुरुवातीला लोक हसले. भावोजी तर म्हणाले, "सासऱ्यांनी स्वतःचं फाटक स्वतःच काढलं." आता मात्र सकाळी ते नसले तर आया पोरांना धरून उभ्या राहतात.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, रेल्वे रुळावरून येते, तिच्या येण्याची वेळ ठरलेली. या गाड्यांना ना रूळ, ना वेळ." तर म्हणाले, "म्हणूनच फाटकवाला लागतो."

त्यांचं काय आहे ते तुलाही ठाऊक आहे. त्यांचं फाटक बंद करून तिथं भिंत घातली आणि खालून तो बोगदा काढला, जो अर्धं वर्ष पाण्यात असतो. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं. गाडी थांबवून माणूस सोडावा, माणूस थांबवून गाडी सोडावी, मध्ये भिंत कशाला? त्यात तू नकाशाची गुंडाळी घेऊन घरी आलास आणि पलंगावर पसरून म्हणालास की कट बंद होणार, वीटभट्टीच्या पुढे पूल होणार, सरासरी माणसाला वळसा फार पडणार नाही. "मी सरासरी नाही," असं अण्णा म्हणाले तेव्हा मला हसू आलं होतं. पुढचं सगळं झाल्यावर मात्र नाही आलं.

ते कोर्टात गेले, स्थगिती आणली. तू दारात उभा राहून सांगितलंस, "अण्णा, दोन्हीकडचे तुकडे होतील आणि आपलाच राहील. राहिलेला तुकडा सगळ्यात वाईट असतो." त्यांनी दार लावून घेतलं. तुझी चप्पल आत राहिली होती. ती मी मागच्या दारानं आणून दिली, आठवतं?

आज एवढंच. पेशंट आलाय.

ताई


२३ मार्च

धाकट्या,

शाळेच्या शिपाईबाई आठवतात? तुला घंटा वाजवू द्यायच्या त्या. मंगळवारी दुपारी शाळेतून स्कूटरवरून घरी निघाल्या होत्या. उत्तरेकडून गाडी आली. मी पट्टीनं बांधता येईल तेवढं बांधलं आणि शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. जीव वाचला. पाय नाही वाचला.

अण्णा दुपारी कटावर नसतात. बातमी कळली तेव्हा जेवत होते. ताट बाजूला सारलं आणि त्या दिवसापासून दुपारीही जायला लागले. भर उन्हात. गुडघ्याला पट्टा बांधून. एका ट्रकच्या आरशानं त्यांच्या हातातलं निशाण परवा ओढून नेलं. काठी हातात राहिली. घरी येऊन मला म्हणतात, "जरा शिवून दे." मी शिवून दिलं.

तू पाठवलेलं कळलं. उत्तरेकडचा तुकडा संपतो तिथं मोठी पाटी लागली आहे. "पुढे द्रुतगती मार्ग संपतो. वेग कमी करा." पिवळी, झगझगीत. अक्षरांचा आकार, दोन ओळींतलं अंतर बघूनच ओळखलं की ही तुझ्या टेबलावरून आलेली आहे. लहानपणी तू घराच्या दारावर "कुत्र्यापासून सावध" अशीच सुबक पाटी लावली होतीस, आपल्याकडे कुत्रा नसताना. या पाटीखाली कुत्रा आहे, पण वाचतं कोण? भावोजी अर्धा दिवस दुकानात बसून बघत होते. म्हणे, एकही गाडी हळू झाली नाही.

का होत नाही, तेही सांगते. हे तुला माहीत नसेल. आपल्या तुकड्यावर मोठाले खड्डे होते. नवा रस्ता संपला की गाडी आपोआप आदळायची आणि माणूस शुद्धीवर यायचा. गावानं अर्ज केला की खड्डे बुजवा. सगळ्यांच्या सह्या. पहिली सही अण्णांची, दुसरी माझी. आणि सरकारी कामात कधी नव्हे ते लगेच झालं! आख्ख्या तुकड्यावर नवं काळंभोर डांबर, वर पांढरे पट्टे. त्या दिवशी गावानं कंत्राटदाराच्या माणसांना चहा पाजला. आता उत्तरेकडून येणाऱ्याला कुठं नवा संपतो नि कुठं जुना सुरू होतो ते दिसतच नाही. खड्डे आपला जीव वाचवत होते, आणि आपणच सह्या करून ते बुजवून घेतले.

मग स्पीडब्रेकर मागितला. उत्तर आलं, या दर्जाच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर बसत नाही. मग तोवर पूल तरी द्या म्हटलं. उत्तर आलं, या तुकड्याला तो दर्जा नाही, शिवाय स्थगिती आहे. म्हणजे आम्ही ना घरचे, ना घाटचे.

स्पष्टच लिहिते. मला अण्णांना त्या कटावरून उठवायचं आहे, जिवंत असताना. दुसरं काही नको मला. आणि ते उठायचे तर कट बंद झाला पाहिजे, कट बंद व्हायचा तर त्यांनी खटला मागे घेतला पाहिजे. शिपाईबाईंना भेटून आले त्या दिवशी मी हात जोडले त्यांच्यापुढे. मग म्हणाले, "ज्यानं नकाशा आणला त्यानं समोर येऊन सांगावं. मी ऐकेन."

ऐकेन म्हणाले, धाकट्या. आजवर हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला होतास?

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

"येतो." एकच शब्द लिहायला एवढं मोठं पाकीट लागतं का रे? पण मी ते पाकीट ड्रेसिंगच्या खोलीत तीनदा वाचलं आणि डॉक्टरांनी विचारलं तर डोळ्यात औषध उडालं असं सांगितलं.

आता नीट ऐक. घरी येऊ नकोस. घराला दार आहे, आणि दार असलं की अण्णा ते लावून घेतात. मग आत ते आणि बाहेर तू, मध्ये मी चप्पल घेऊन. ते मला पुन्हा नको. तू सरळ कटावर ये. तिथं दार नाही आणि चारचौघांत ते आवाज चढवत नाहीत.

या रविवारी ये. रविवारी बाजार असतो, त्यामुळे शाळा नसली तरी अण्णा सकाळपासून उभे असतात. ऊन चढलं की गुडघा साथ देत नाही, मग घरी येतात. एकदा घरी येऊन आरामखुर्चीत बसले की संपलं. म्हणून नऊच्या आत पोच. वाटेत चहाला वगैरे टेकू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, शाळेतही तू घंटा झाल्यावर पोचायचास. एवढं एक दिवस वेळेवर ये.

कटाच्या थोडं अलीकडे भावोजींचं दुकान आहे, तिथं गाडी बाजूला घे आणि चालत जा. भावोजींना मी काही सांगितलेलं नाही. त्यांच्या पोटात तीळभर राहत नाही, अण्णांना कळायचं आणि ते इस्त्रीच्या शर्टासारखे ताठ होऊन बसायचे. अण्णांनाही सांगितलेलं नाही. अचानक समोर दिसलास की जे काही तोंडावर उमटेल ते खरं असेल, असं मला वाटतं.

जेवायला घरीच. तुझ्या आवडीचं करते.

ताई


१२ एप्रिल, संध्याकाळ

शेवटी नाहीच आलास.

सकाळपासून माझं लक्ष दाराकडे. भांडी घासायच्या बाईनं विचारलंसुद्धा, "कोणी यायचंय का?" कोणी नाही म्हटलं. जेवण अजून झाकून ठेवलंय. फोन केला तर बंद. एक निरोप पाठवता आला नाही? मी वेडी, उशीची खोळही बदलून ठेवली होती.

आणि नेमकं आजच! तुला कळायला हवं, म्हणून लिहिते, जरी लिहायची इच्छा नाही. आज अण्णा थोडक्यात वाचले. नऊच्या सुमाराला उत्तरेकडून एक राखाडी गाडी अशी आली, की भावोजी म्हणतात त्यांच्या हातातली ट्यूब खाली पडली. बाजाराच्या बायका पाट्या घेऊन अर्ध्या रस्त्यात, अण्णा निशाण धरून त्यांच्या पुढे. ब्रेक लागले, गाडी तिरपी झाली, आणि थांबली तेव्हा लाल निशाण तिच्या बॉनेटवर पडलं होतं. अण्णांच्या पायात आणि तिच्यात एवढंसं अंतर. रस्त्यावर काळे पट्टे उमटलेत. भावोजींच्या हिशेबानं टायरांचं निम्मं आयुष्य तिथंच राहिलं.

असली माणसं असतात! एवढी मोठी पाटी डोळ्यांसमोर आणि वाचायची नाही. घरी यांचे कोणी म्हातारे आईबाप नसतात का? मला तो सापडला असता, तर दोन थोबाडीत देऊन मग पोलिसांत दिला असता.

अण्णांनी काय केलं म्हणशील, तर खिडकीपाशी जाऊन वाकले. भावोजींना वाटलं, आता शिव्या घालणार. पण घातल्या नाहीत. सरळ उभे राहिले, हिरवं निशाण काढलं आणि जा म्हणून दाखवलं. गाडी हलेना. मग टपावर हाताचा पंजा आपटून ओरडले, "चल! चल पुढं!" मागे टँकर भोंगा वाजवत होता. गेली एकदाची. अण्णांनी बायकांना पलीकडे पोचवलं, दुकानात येऊन पाणी मागितलं आणि ते न पिताच घरी आले. दोन्ही निशाणं खुंटीला अडकवली. जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

घाबरलेत, दुसरं काय. आज तू असतास, तर हीच वेळ होती सांगायची. पण तुझी वेळ कधी जुळलीये?

पत्र पोस्टात टाकीन की नाही, माहीत नाही.

ताई


१८ एप्रिल

धाकट्या,

मागचं पत्र मी रागारागात दुसऱ्याच दिवशी टाकलं. आता हात तोडून घ्यावासा वाटतो. ते मिळालं असेल, तर फाडून टाक. मिळालं नसेल, तर आलं की न वाचता फाड. त्यातली थोबाडीची ओळ तर मुळीच वाचू नकोस.

अण्णा सहा दिवस कटावर गेले नाहीत. माझ्याशी बोललेही नाहीत. आज सकाळी मी दवाखान्याला निघाले, तर आरामखुर्चीतूनच म्हणाले, "त्याच्याकडे गाडी आहे का?" मी विचारलं, कोणाकडे? "धाकट्याकडे. राखाडी आहे का?" मी म्हटलं, मला नाही माहीत. तर म्हणाले, "मला माहीत आहे."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. तेव्हा सगळं बोलले. निशाण बॉनेटवर पडलं तेव्हा त्यांना नुसता माणूस दिसला होता. खिडकीपाशी वाकले तेव्हा तू दिसलास. दोन्ही हात चाकावर, तोंड पांढरंफटक, आणि त्यांच्याकडे बघतोयस. "लहानपणी विहिरीत पाय घसरला होता तेव्हा दिसत होता, तसाच दिसला," म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की तुला मीच बोलावलं होतं, नऊच्या आत ये असं मीच लिहिलं होतं. ओरडले असते, तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "म्हणून घाईत होता."

ते वाक्य सकाळपासून माझ्या छातीवर बसलंय. चहाला टेकू नकोस, असं मी लिहिलं. त्या पाटीचं अक्षर न् अक्षर तू आखलंस, आणि घरी वेळेवर पोचायच्या नादात तीच तुझ्या नजरेतून सुटली. तूच असा येतोस, तर बाकीच्यांना मी कशाला बोल लावू? त्या रस्त्यावर कोणीही तसाच येणार. दुसरा कसा येता येईल, तेच कळत नाही.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. तू निघून गेलास, पुढच्या चौकातून वळून परत आला नाहीस, फोन बंद ठेवलास. मला माहीत आहे, तुला काय वाटलं. त्यांनी मला ओळखलं आणि दुसऱ्यांदा हाकललं, असंच ना? टपावर हात आपटून, चारचौघांत.

तसं नाही रे. मीही त्यांना हेच विचारलं, "अण्णा, ओळखलंत, तर थांबवलं का नाही त्याला?" तेव्हा केवढ्यानं खेकसले माझ्यावर! "मागे टँकर होता! दिसतो का त्याला वळणावरून? रुळावर कोणी थांबलं की आधी हलवायचं असतं, कोण आहे ते मग बघायचं!" आणि मग आवाज एकदम खाली आला. "तो हलेना. माझ्याकडे बघत बसला. मी गाडीवर हात मारला."

त्यांचा तो हात अजून दुखतोय. मी रोज शेकून देतेय. गाडी लोखंडाची, हात म्हाताऱ्याचा.

एक ओळ लिही. नुसती "पोचलं" म्हणून लिही.

ताई


३० मे

धाकट्या,

तुझी ओळ आली नाही. ऑफिसात फोन केला, तर कोणी बाई म्हणाल्या, साहेब दुसऱ्या साइटवर आहेत. म्हणजे धडधाकट आहेस. तेवढ्यावर मी सध्या झोपते.

इकडची बातमी तुला कागदोपत्री आधीच कळली असेल. अण्णांनी खटला मागे घेतला. वकिलांकडे एकटे गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही. तू समोर येऊन सांगशील तेव्हा ऐकेन म्हणाले होते ना? माझ्या मते त्यांनी ऐकलं. तू एक अक्षर बोलला नाहीस, तरी ऐकलं.

आता रोज यंत्रं चालू आहेत. कटात सिमेंटचे ठोकळे टाकलेत, आणि वीटभट्टीपुढे पुलाचे खांब वर येतायत. सगळं छान झालं असं काही मी लिहिणार नाही. शेजारच्या आजी बाजाराला जायचं सोडून देणार आहेत, त्यांच्यानं तेवढा वळसा होत नाही. शिपाईबाई कुबड्यांवर आहेत आणि त्यांचं घर अलीकडे, शाळा पलीकडे. अण्णा बरोबर बोलत होते, गाव मधून चिरलं जाणारच. तूही बरोबर बोलत होतास. दोघं बरोबर असलात, तर माझ्यासारखीनं जायचं कुठं, हे मला कोणी सांगत नाही. शाळेपाशी पायी जायचा एक पूल द्या, पायऱ्यांचा नको, उताराचा द्या, असा अर्ज अण्णांनी केला आहे. या वेळी सह्या करण्याआधी सगळ्यांनी तो दोनदा वाचला.

भावोजींचं दुकान जाणार. नव्या रस्त्यावर कोणाला थांबता येणार नाही. ते आता शेजारच्या रस्त्यावर, म्हणजे तुम्ही ज्याला सेवा रस्ता म्हणता त्यावर, मांडायचं म्हणतात. त्यांना त्या रविवारचं सगळं सांगितलं, तर दुकानाच्या दारात बसून राहिले. मग म्हणाले, "मी त्याला चांगला टायर दिला असता." त्यांच्या तोंडी याहून मोठं प्रेम नाही.

अण्णांनी काल मोजणीवाल्या माणसाला घरी बोलावून चहा दिला. नकाशा पलंगावर पसरायला लावला, तू पसरला होतास त्याच पलंगावर. चष्मा लावून विचारत होते, उत्तरेकडून येणाऱ्या माणसाला आपल्या घरी यायचं असेल, तर त्यानं उतरायचं कुठं? तो म्हणाला, आजोबा, पूल संपला की डावीकडे उतार आहे, तिथून सेवा रस्त्यानं सावकाश मागे यायचं, वीटभट्टी ओलांडली की तुमचं दार. अण्णांनी विचारलं, "आणि दारात गाडी उभी केली तर?" तो म्हणाला, "करा की, तिथं कोण हरकत घेणार?" अण्णांनी त्याच्याकडून पेन्सिल घेऊन नकाशावर तिथं एक खूण केली. दुसऱ्याच्या नकाशावर!

आज मी लिहायला बसले तर दवाखान्यात नाही, घरीच बसले, त्यांच्यासमोर. लपवायचं आता काही उरलं नाही. ते टीव्ही बंद करून बघत होते. विचारलं, "अण्णा, तुमच्याकडून काही लिहू?" मान हलवून नाही म्हणाले. मी पाकिटावर तुझा पत्ता घातला, डिंक लावायला घेतला. तेवढ्यात म्हणाले, "थांब. लिही त्याला."

"काय लिहू?"

दुखऱ्या हातावरून दुसरा हात फिरवला.

"लिही, तिथं थांबायला जागा नव्हती."